जैव औषधांतील विषाणू : शोध आणि बंदोबस्त



पावसाळ्याच्या दिवसांत भाताच्या खाचरात किंवा गवताच्या गंजीपाशी एखाद्याला साप चावतो. गावातील मंडळी त्याला मिळेल त्या वाहनाने प्राथमिक आरोग्य केंद्रात आणतात. वैद्यकीय अधिकारी कपाटातून एक लहानशी कुपी काढतात, तीतील पांढरी भुकटी निर्जंतुक पाण्यात विरघळवतात आणि तो द्रव रोग्याच्या शिरेत सोडतात. हा प्रसंग ग्रामीण महाराष्ट्रात कोणालाही नवा नाही. परंतु ती भुकटी येते कोठून, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. दोन रसायने एकत्र करून ती तयार झालेली नसते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष घोड्याला प्रथम अत्यल्प आणि मग क्रमाक्रमाने वाढत्या मात्रेत टोचले जाते. घोड्याच्या शरीरात त्या विषाला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे तयार होतात. मग घोड्याचे रक्त काढून त्यातील प्रतिपिंडे वेगळी करतात. रोग्याचे प्राण वाचतात ते या मुक्या जनावराने सोसलेल्या विषामुळे.

सजीवांपासून मिळणाऱ्या अशा औषधांना जैव औषधे म्हणतात. सर्व प्रकारच्या लसी, मानवी रक्तापासून काढलेले अल्ब्युमिन आणि रक्त गोठवणारे घटक, पूर्वी गुराडुकरांच्या स्वादुपिंडातून आणि आता सूक्ष्मजीवांकडून तयार करवून घेतले जाणारे इन्सुलिन, तसेच कर्करोगावरील अनेक नवी औषधे याच वर्गात मोडतात. त्यांचा मोठा गुण म्हणजे ती जीवसृष्टीतून येतात. त्यांचा मोठा धोकाही तोच. जेथे सजीव पेशी आहे तेथे विषाणू वस्तीला येऊ शकतो. शिवाय रासायनिक औषध उकळून घेता येते, तसे ही औषधे उकळता येत नाहीत. अंडे एकदा उकडले की ते पुन्हा कच्चे होत नाही. प्रथिनांचेही तसेच आहे. जो उष्मा विषाणूला मारील तोच औषधालाही निकामी करील, ही या व्यवसायातील मूळ अडचण होय.

औषधात परका जीव शिरण्याच्या इतिहासात मुंबईतील परळचे नाव फार पूर्वीपासून आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले तेव्हा वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने अवघ्या काही महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी १०७ जणांना ही लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण काही दिवसांत धनुर्वाताने दगावले. दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. पुढे असे दिसून आले की बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. सर रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे बाजू घेतल्यावर १९०७ साली हाफकिन यांच्यावरील कलंक पुसला गेला. १९२५ मध्ये त्या संस्थेला त्यांचेच नाव देण्यात आले. ज्यांना पदावरून दूर केले त्यांच्या नावाची पाटी त्याच दारावर लागली.

मुल्कोवालचा अपराधी धनुर्वाताचा जंतू होता. जंतू सूक्ष्मदर्शकातून दिसतो, मांसरसात वाढतो, चिनीमातीच्या गाळणीत अडकतो. विषाणूची गोष्ट वेगळी. तो साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही, जंतू अडवणाऱ्या गाळणीतून आरपार जातो आणि जिवंत पेशीवाचून वाढत नाही. स्वच्छ, पारदर्शक, प्रत्येक नेहमीच्या कसोटीला उतरलेल्या औषधातही तो असू शकतो. आणि त्याने केलेला आजार पुष्कळदा आठवड्यांनी किंवा महिन्यांनी उमटतो, तेव्हा त्या टोचणीची आठवणही कोणाला राहिलेली नसते.

याचा पहिला नीट नोंदलेला दाखला जर्मनीतील ब्रेमेन या बंदराचा आहे. तेथील जहाजबांधणीच्या कारखान्यात १८८३ साली १,२८९ कामगारांना देवीची लस टोचली गेली. ही लस माणसांच्या फोडांतील लसिकेपासून तयार केलेली होती. पुढच्या काही महिन्यांत त्यांतील १९१ जणांना कावीळ झाली. इतर प्रकारची लस घेतलेल्या कामगारांना ती झाली नाही. विषाणू हा शब्दच तेव्हा आजच्या अर्थाने रूढ नव्हता. पण हा दोष लसीबरोबर आला असावा, एवढा तर्क तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याने निव्वळ नोंदवहीच्या आधारे केला.

त्यानंतर सुमारे साठ वर्षांनी हीच चूक फार मोठ्या प्रमाणावर झाली. पीतज्वरावरील १७-डी ही लस मॅक्स थायलर यांनी न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत तयार केली होती आणि ती उत्तमच होती. त्या कामाबद्दल त्यांना १९५१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कोंबडीच्या गर्भात वाढवलेला हा लसविषाणू नाजूक असल्याने तो टिकावा म्हणून त्यात मानवी सीरम मिसळले जाई. ते सीरम ५६ अंश सेल्सिअसवर तासभर तापवलेले असे आणि तेवढे पुरे होईल अशी समजूत होती. वास्तविक लंडनमध्ये फिंडले आणि मॅक्कलम यांनी १९३७ सालीच ही लस घेतलेल्यांपैकी काहींना महिन्या-दोन महिन्यांनी कावीळ होत असल्याचे लिहून ठेवले होते. ब्राझीलमध्येही तसाच अनुभव आला आणि तेथे १९४० साली सीरम वगळण्यात आले. तरी अमेरिकेने महायुद्धात उतरल्यावर आपल्या सैनिकांना सीरमयुक्त लसच सरसकट टोचली. १९४२ च्या वसंतात छावण्याछावण्यांतून कावीळ उसळली. सुमारे ५० हजार सैनिक आजारी पडले, साठाहून अधिक दगावले. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वृद्ध झालेल्या त्या सैनिकांचे रक्त तपासून असा अंदाज करण्यात आला की सुमारे ३ लाख ३० हजार जणांना हेपॅटायटिस-बीचा संसर्ग झाला होता.

त्यावेळी हा विषाणू कोणी पाहिलेला नव्हता. त्याची ओळख पटायला १९६० नंतरचे दशक उजाडावे लागले. मग १९४२ साली कारण सापडले कसे? लसीच्या प्रत्येक घाणीला क्रमांक होता आणि कोणत्या छावणीत कोणत्या क्रमांकाची लस गेली हे लिहिलेले होते. काही क्रमांकांच्या मागे कावीळ लागे, काहींच्या मागे लागत नसे. त्यावरून बोट थेट सीरमकडे वळले आणि एप्रिल १९४२ मध्ये ते बंद करण्यात आले. जे सूक्ष्मदर्शकाला दिसले नाही ते कारकुनाच्या वहीला दिसले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

यापुढील प्रकरणाचा भारताशी जवळचा संबंध आहे. पोलिओची सॉल्क लस १९५५ साली अमेरिकेत मान्य झाली. तिच्यासाठी लागणारा पोलिओचा विषाणू माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवला जाई आणि मग फॉर्मॅलिनने मारला जाई. माकडे लागत ती ऱ्हीसस जातीची, म्हणजे उत्तर भारतातील लालतोंडी माकडे. ती पिंजऱ्यांतून विमानाने परदेशी जात. भर काळात वर्षाला लाखाहून अधिक. १९५५ च्या आरंभी लंडनच्या विमानतळावर जवळजवळ चारशे माकडे गुदमरून मेली. मारुतीरायाच्या देशात याची प्रतिक्रिया उमटणे स्वाभाविक होते. भारत सरकारने निर्यात थांबवली आणि पुढे केवळ वैद्यकीय कामासाठीच त्यांचा उपयोग होईल अशा अटीवर ती पुन्हा सुरू केली. १९७८ साली ही निर्यात पूर्णपणे बंद झाली.

या माकडांबरोबर त्यांच्या मूत्रपिंडातील विषाणूही समुद्रापार गेले. शास्त्रज्ञ त्यांना एकामागून एक ओळखत आणि क्रमांक देत. चाळिसाव्या क्रमांकाचा विषाणू मात्र कोणाला दिसेना, कारण ऱ्हीससच्या पेशींत तो गुपचूप राहतो. पेशी निरोगीच दिसतात. १९६० साली बेन स्वीट आणि मॉरिस हिलमन यांनी या पेशींचा अर्क आफ्रिकेतील हिरव्या माकडाच्या पेशींवर टाकून पाहिला. त्या पेशींत फुग्यासारख्या पोकळ्या पडल्या आणि लपलेला विषाणू उघडा पडला. त्याचे नाव एसव्ही-४०. फॉर्मॅलिनने पोलिओचा विषाणू मरत होता, परंतु हा अधिक चिवट असल्याने त्यातील काही अंश जिवंत राहत होता.

येथे बर्निस एडी या शास्त्रज्ञ महिलेचे नाव घेतले पाहिजे. अमेरिकेतील लसींची तपासणी करणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत त्या काम करीत. १९५४ साली सॉल्क लसीचे काही नमुने त्यांनी माकडांना टोचले, तेव्हा एका कारखान्याच्या नमुन्यांनी माकडे लुळी पडली. फॉर्मॅलिनने मेलेला असायला हवा तो पोलिओचा विषाणू त्यांत जिवंत होता. त्यांनी वरिष्ठांना कळवले; इशारा योग्य जागी पोहोचला नाही. एप्रिल १९५५ मध्ये त्याच कारखान्याच्या लसीमुळे, लस घेतलेल्या मुलांत आणि त्यांच्या निकटच्या माणसांत मिळून सुमारे दोनशे जणांना पक्षाघात झाला आणि दहा जण मृत्युमुखी पडले. पुढे १९५९ मध्ये एडी यांनी ऱ्हीसस माकडांच्या मूत्रपिंडाचा अर्क हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्यांना टोचला, तेव्हा त्यांना गाठी झाल्या. हाही निष्कर्ष वरिष्ठांना रुचला नाही आणि कालांतराने लस-नियंत्रणाचे काम त्यांच्याकडून काढून घेण्यात आले. त्या गाठींचे कारण एसव्ही-४० हेच होते, हे नंतर सिद्ध झाले. तपासनीस नेमायचा आणि तपासणीचा निकाल अडचणीचा निघाला की तपासनीसच हलवायचा, हा प्रकार कोणत्याही देशाच्या प्रशासनाला शोभणारा नाही.

१९६१ साली अमेरिकी सरकारने नव्या लसीत एसव्ही-४० असता कामा नये असा नियम केला. पण आधी बाहेर पडलेला साठा परत घेतला नाही आणि तो १९६३ पर्यंत वापरात राहिला. १९५५ ते १९६३ या काळात ९ कोटी ८० लाख अमेरिकनांनी पोलिओची लस घेतली आणि त्यांपैकी १ ते ३ कोटी लोकांच्या शरीरात हा विषाणू गेला असावा असा अंदाज आहे. त्यामुळे माणसाला कर्करोग झाला काय? अमेरिकेतील वैद्यकीय संस्थेच्या समितीने २००२ साली सर्व पुरावा पाहून सांगितले की, तसे म्हणण्यास किंवा तसे नाहीच म्हणण्यास तो पुरेसा नाही. लस घेतलेल्यांत कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे पाहणीत आढळले नव्हते. या लसीने पोलिओचा कणा मोडला, ही गोष्टही तितकीच खरी आहे. लसीविषयी शंका पसरवणारे लोक या प्रकरणाचा पूर्वार्ध सांगतात आणि उत्तरार्ध गाळतात. शिक्षकांनी आणि ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी दोन्ही माहीत करून घेणे म्हणूनच उपयोगाचे आहे.

या अनुभवानंतर जंगलातून आणलेल्या प्राण्यांवरची भिस्त कमी झाली. त्यांच्या जागी पेशींचे ‘बियाणे’ आले. शेतकऱ्याला पैदासकार बियाणे, पायाभूत बियाणे आणि प्रमाणित बियाणे हा क्रम परिचित आहे. औषधांच्या कारखान्यातही तसेच असते. एका पेशीपासून वाढवलेल्या पेशी शेकडो लहान कुप्यांत भरून द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात. ही मूळ पेढी. तिची कसून तपासणी एकदाच होते. मूळ पेढीतील एक कुपी काढून तिच्यापासून कामाची पेढी तयार करतात आणि प्रत्यक्ष उत्पादन तिच्यातून चालते. लसविषाणूचेही असेच मूळ आणि दुय्यम बियाणे असते. चीनमधील हॅमस्टरच्या अंडाशयाच्या पेशी, हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या व्हेरो पेशी यांच्या पेढ्यांवर आज जगातील कित्येक जैव औषधे अवलंबून आहेत.

मग तयार औषध तपासून पाहिले की काम भागले, असे कोणालाही वाटेल. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करण्याची पद्धत आहे. भाताला ती चालते, कारण पातेल्यातील सगळी शिते सारखीच शिजत असतात. विषाणूंच्या बाबतीत ही परीक्षा फसते. एक लिटर द्रवात शंभर विषाणू आहेत असे समजू आणि त्यातून तपासणीसाठी एक मिलिलिटर काढू. गणिताने असे निघते की असे शंभर नमुने तपासले तर त्यांपैकी नव्वद नमुन्यांत एकही विषाणू सापडणार नाही. लिटरमध्ये दहाच विषाणू असतील तर शंभरातील नव्व्याण्णव नमुने निर्दोष ठरतील. तपासनीस प्रामाणिक, उपकरणे उत्तम आणि तरीही दाखला खोटा. म्हणून केवळ शेवटच्या तपासणीवर विसंबणे या शास्त्राने सोडून दिले आहे. औषधनियंत्रणाविषयी १९९० नंतरच्या दशकात आंतरराष्ट्रीय पातळीवर जी मार्गदर्शक तत्त्वे ठरली आणि २०२३ साली ज्यांची सुधारित आवृत्ती निघाली, त्यांत तीन पहारे सांगितले आहेत. कच्चा माल आणि पेशी निवडतानाच तपासाव्यात. उत्पादनाच्या निरनिराळ्या टप्प्यांवर तपासणी करावी. आणि चुकून शिरलेल्या विषाणूचा नायनाट करण्याची शक्ती उत्पादनाच्या रीतीतच आहे, हे प्रयोगाने दाखवून द्यावे.

तपासणीची रीत पाहिली तर तिच्यातील सावधगिरी ध्यानात येते. नमुना वेगवेगळ्या जातींच्या पेशींवर टाकून त्या आठवडेच्या आठवडे पाहतात. एक जात विषाणूला लपवते, दुसरी उघडा पाडते, हा धडा एसव्ही-४० ने दिला आहे. उंदरांच्या पिलांना आणि अंड्यातील गर्भाला नमुना टोचून पाहण्याची जुनी पद्धतही दीर्घकाळ चालत आली. आता नमुन्यातील सर्व न्यूक्लिक आम्लांचा क्रम एकदम वाचून काढणारी यंत्रे निघाली आहेत. ओळखीचा विषाणू शोधण्यापेक्षा अनोळखी विषाणू शोधणे अवघड. ही यंत्रे ते करू शकतात आणि २०२३ च्या आवृत्तीने प्राण्यांवरील काही चाचण्यांऐवजी त्यांना मान्यता दिली आहे.

या यंत्रांनी २०१० साली एक विलक्षण शोध लावला. कॅलिफोर्नियातील एका प्रयोगशाळेने बाजारातील लसी सहज कुतूहलाने तपासल्या, तेव्हा लहान मुलांना जुलाबापासून वाचवणाऱ्या रोटाव्हायरसच्या लसीत डुकरांच्या एका विषाणूचे अंश सापडले. पेशी सुट्या करण्यासाठी वापरले जाणारे ट्रिप्सिन डुकरांच्या स्वादुपिंडातून येते. तोच त्याचा मार्ग होता. हा विषाणू माणसाला रोग करीत नाही. अमेरिकेत मार्चमध्ये ती लस तात्पुरती थांबवण्यात आली आणि पुराव्याचा विचार करून मेमध्ये पुन्हा सुरू झाली. १९६१ ते १९६३ च्या मौनाशी या वर्तनाची तुलना करण्यासारखी आहे.

तिसऱ्या पहाऱ्याचे शास्त्र रक्तापासून तयार होणाऱ्या औषधांनी घडवले. मानवी अल्ब्युमिन ६० अंश सेल्सिअसवर दहा तास ठेवण्याची पद्धत १९४० नंतरच्या दशकात सुरू झाली आणि त्यामुळे अल्ब्युमिनची सुरक्षितता वाखाणली गेली. हीमोफिलियाच्या रोग्यांना लागणारा रक्त गोठवणारा घटक मात्र इतका उष्मा सोसत नाही, म्हणून तो तसाच दिला जाई. हजारो रक्तदात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून तो काढत. विहिरीत एक घागर दूषित पडली तर सारी विहीर बिघडते, तसे झाले. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेतील हीमोफिलियाग्रस्तांपैकी जवळजवळ निम्म्यांना या औषधातून एड्सच्या विषाणूचा संसर्ग झाला. ज्या औषधाने त्यांना शाळेत जाता येऊ लागले, खेळता येऊ लागले, त्यानेच त्यांचा घात केला. घराघरांतून भावांच्या जोड्या गेल्या, कारण हा रोग आईकडून मुलग्यांकडे येतो.

उपाय लवकरच निघाले. सुक्या अवस्थेत औषध तापवण्याची रीत आली. १९८५ साली न्यूयॉर्क रक्त केंद्रात विकसित झालेली दुसरी रीत वापरात आली. काही विषाणूंभोवती चरबीचे आवरण असते. भांड्याचा तेलकटपणा साबणाने जावा तसे ते आवरण विशिष्ट द्रावक आणि अपमार्जक यांच्या मिश्रणाने विरघळते आणि विषाणू निकामी होतो. औषधाचे प्रथिन शाबूत राहते. एड्स, हेपॅटायटिस-बी आणि सी या तिघांना हा उपाय लागू पडतो. आवरण नसलेल्या हेपॅटायटिस-ए आणि पार्वो या विषाणूंना मात्र तो लागू पडत नाही. त्यांच्यासाठी अतिसूक्ष्म गाळण्या निघाल्या. त्यांची छिद्रे एका मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी असतात. म्हणून एका उपायावर न थांबता वेगवेगळ्या तत्त्वांवर चालणारे किमान दोन उपाय लागोपाठ योजतात. पहिला उपाय दहा हजार विषाणूंतून एकच मागे ठेवतो आणि दुसराही तितकाच समर्थ असतो, तेव्हा दोहोंतून निसटण्याची शक्यता दहा कोटींत एक एवढी उरते. अर्थात चालू कारखान्यात कोणी मुद्दाम विषाणू सोडत नाही. कारखान्याची लहानशी प्रतिकृती वेगळ्या प्रयोगशाळेत मांडून, तीत मोजून विषाणू टाकून, प्रत्येक टप्प्याअखेर किती उरले हे तपासले जाते.

भारतातही रक्ताच्या बाबतीत कायदा हळूहळू कडक झाला. एड्सची रक्ततपासणी १९८९ पासून बंधनकारक झाली, सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानुसार पैसे घेऊन रक्त देण्यास १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली आणि हेपॅटायटिस-सीची तपासणी २००१ पासून सक्तीची झाली.

विषाणू रोग्यापर्यंत पोहोचलाच नाही तरी नुकसान होते, हे २००९ साली दिसले. अमेरिकेतील बोस्टन येथे जेन्झाइम कंपनीच्या कारखान्यात हॅमस्टरच्या पेशींची वाढ अचानक मंदावली. शोध घेता पेशींत व्हेसिव्हायरस जातीचा विषाणू निघाला. माणसाला तो अपायकारक असल्याचे ज्ञात नव्हते. पण कारखाना बंद करून धुवावा लागला. गोशे आणि फॅब्री या दुर्मिळ आनुवंशिक रोगांवरील औषधे तेथेच तयार होत. जगभरच्या रोग्यांना दीर्घकाळ अर्धी मात्रा किंवा तीही नाही, अशी ओढाताण सोसावी लागली. एका औषधासाठी एकाच कारखान्यावर विसंबण्याचा हा परिणाम होता.

आता पुन्हा सर्पविषावरील कुपीकडे वळू. महाराष्ट्रात हाफकिनच्या परंपरेत, आणि १९७५ पासून हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाच्या रूपाने, लसी आणि घोड्यांपासून मिळणारी सीरमे तयार करण्याचे काम झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार घोडा कळपात घेण्यापूर्वी त्याला वेगळा ठेवून पशुवैद्याकडून तपासले जाते. त्याच्या प्लाझ्मावर आम्लयुक्त द्रावणात पेप्सिनची प्रक्रिया होते किंवा कॅप्रिलिक आम्ल मिसळले जाते. या क्रिया मुळात प्रतिपिंडे शुद्ध करण्यासाठी योजलेल्या. परंतु चरबीचे आवरण असलेले विषाणूही त्यांत मरतात, हे नंतर प्रयोगांनी दाखवले. अशी आयती जोड प्रत्येक औषधाला मिळत नाही.

आपल्या राज्याला या प्रश्नाची झळ २०१८ साली प्रत्यक्ष लागली. पोलिओच्या तीन प्रकारांपैकी दुसऱ्या प्रकाराचा लसविषाणू एप्रिल २०१६ मध्ये तोंडावाटे देण्याच्या लसीतून जगभर काढून टाकण्यात आला होता. त्यानंतर सप्टेंबर २०१८ मध्ये उत्तर प्रदेशात घेतलेल्या नमुन्यांत तोच प्रकार आढळला. शोध घेता उत्तर भारतातील एका खासगी कारखान्याच्या काही घाणींत त्याचा अंश निघाला. त्या घाणींतील लस उत्तर प्रदेश, तेलंगण आणि महाराष्ट्र या राज्यांत गेलेली होती. साठा थांबवण्यात आला आणि पाहणी कडक करण्यात आली. त्या दिवसांत प्रत्येक जिल्ह्याला पहिला प्रश्न हाच होता की, कोणत्या क्रमांकाच्या कुप्या कोणत्या केंद्रात गेल्या आणि त्या कोणत्या बालकांना दिल्या.

हा प्रश्न कसौली येथील केंद्रीय औषध प्रयोगशाळा सोडवू शकत नाही. तेथे लसींच्या घाणी तपासल्या जातात, परंतु कुपी कोणाच्या दंडात रिकामी झाली हे तिला माहीत नसते. ते उपकेंद्रातील परिचारिकेच्या आणि आरोग्य सेवकाच्या वहीत असते. लसीकरणाच्या दिवशी गर्दी असते, मुले रडत असतात, शीतपेटीतील बर्फ वितळत असतो. अशा वेळी घाणीचा क्रमांक लिहायचा राहून जातो आणि संध्याकाळी सगळ्यांच्या नावापुढे एकच क्रमांक ओढला जातो. त्या दिवशी दोन घाणींच्या कुप्या उघडल्या असतील तर ती नोंद नसल्यासारखीच. दुसरी कुपी उघडताच वहीत आडवी रेघ मारून खाली नवा क्रमांक लिहावा. सर्पविषावरील औषध देताना केसपेपरवर कुप्यांच्या संख्येबरोबर प्रत्येक कुपीचा घाण क्रमांक आणि मुदतीची तारीख उतरवावी. पावसाळ्यात ओलाव्याने लेबलावरील शाई पुसट होते. अशा वेळी तो क्रमांक बाहेरच्या खोक्यावरून घ्यावा आणि खोके रिकामे झाले तरी त्यातील शेवटची कुपी संपेपर्यंत फेकू नये.